भिंतीवरच्या वाकळेचा हिशेब वेगळा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भिंतीवर टांगायच्या शोभेच्या गोधडीची कृती छापून आली. या कलेला जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. पण त्या कृतीत आत स्पंजची शीट, तुकडे बसवायला डिंक आणि टांगायला वरच्या दोन कोपऱ्यांत दोन खिळे, एवढेच सांगितले आहे. अशी केलेली वस्तू कोल्हापूरच्या एका पावसाळ्यातही धड राहत नाही. हौसेने केलेले काम वर्षभरात पिवळे पडून लोंबू लागले की करणारीला वाटते, आपल्या हातात कला नाही. चूक हाताची नसते, कृतीची असते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आपल्या भागात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणारे हात अजून भरपूर आहेत. त्यामुळे वाकळ येते म्हणजे भिंतीवरचीही येणारच, असा समज असतो. टाका तोच आहे, हे खरे. पण अंगावरची वाकळ आडवी पसरते, वापरून मऊ होते, तिच्यात चुणी पडली तरी कुणी पाहत नाही. भिंतीवरची उभी लोंबते. तिचे सगळे वजन वरच्या एका कडेवर येते आणि खिडकीतून तिरपा उजेड पडला की दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फुगवटाही सावली पाडतो. तेव्हा कापड, भर, टाक्यांची दाटी आणि टांगण्याची सोय या चारही गोष्टी टांगण्याचा विचार करूनच ठरवाव्या लागतात.

आधी भरीबद्दल, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. स्पंज कधीही घालू नये. तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो, मग त्याचा भुगा होऊ लागतो आणि तो भुगा टाक्यांच्या भोकांतून बाहेर येतो. शिवाय स्पंजावर टाका दबत नाही, त्यामुळे गोधडीला जो उठाव यायला हवा तो येत नाही, नुसती गादी दिसते. पिंजलेला सुटा कापूसही उभ्या कामाला चालत नाही. टाक्यांच्या ओळी फार जवळजवळ नसतील तर तो हळूहळू खाली सरकतो, वरचा भाग रिकामा आणि खालचा जाड होतो. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दोन किंवा तीन थर ही आपल्याकडची पूर्वापार भर आहे आणि भिंतीसाठी आमच्या मते तीच सर्वांत चांगली. ती सपाट बसते, सरकत नाही, टाका तिच्यात नीट रुततो. लुगडे नसेल तर फलालीनचे दोन थर घ्यावेत. पॉलिएस्टरची शीट घ्यायचीच असेल तर ८० ते १०० जीएसएमची (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) पातळ घ्यावी. २०० जीएसएमची जाड शीट रजईसाठी असते. पॉलिएस्टरचा एक दोष लक्षात ठेवावा. काळ्या किंवा गडद कापडाखाली ती घातली की तिचे पांढरे तंतू विणीतून बाहेर डोकावतात आणि काळा रंग भुरकट दिसू लागतो.

कापड सुतीच बरे. इचलकरंजीचे पॉपलिन, खादी, जुनी धोतरे, कॉटनच्या साड्या, शिंप्याकडची कात्रणे, सगळे चालते. मात्र सगळे आधी धुऊन घ्यावे. सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन ते पाच आटते आणि प्रत्येक कापड वेगळे आटते. न धुता शिवलेल्या कामाला कधी ओल लागली तर प्रत्येक तुकडा आपापल्या मापाने आखडतो आणि सगळी चित्रचौकट वाकडी होते. गडद लाल, निळा आणि काळा यांची रंगपरीक्षा वेगळी करावी. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवून इस्त्रीने दाबावा. डाग उमटला तर पुन्हा धुवावा. तिसऱ्या-चौथ्या धुण्यालाही रंग जात असेल तर ते कापड बाजूला ठेवावे. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने आजचे कारखान्यातले रंग पक्के होतात, यावर विसंबू नये.

खण, इरकल आणि पैठणीचे काठ सगळ्यांनाच वापरावेसे वाटतात आणि ते दिसतातही सुंदर. पण खणाची वीण कापल्याबरोबर उसवते. त्याला पाव इंचाची शिलाई पुरत नाही, अर्धा इंच ठेवावी, किंवा कापण्याआधीच मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ फ्युझिंग लावून घ्यावे. हल्ली बरेच खण पॉलिएस्टरचे असतात. त्यांच्यावर सुती कापडाची गरम इस्त्री फिरवली तर ते आकसून चकाकतात. वर ओला फडका ठेवूनच दाबावे.

आता मापे. पहिल्या कामासाठी २४ बाय ३६ इंच हा आकार सोयीचा. मधे तीन इंचांचे चौकोन, आडवे ६ आणि उभे १०, असे ६० तुकडे. शिलाईसह प्रत्येक तुकडा साडेतीन इंचांचा कापावा. सगळे मिळून अर्धा मीटर कापड होते, तेव्हा हे घरातल्या कात्रणांतच भागते. त्याभोवती चारी बाजूंनी ४ इंची पट्टी जोडली की वरचा थर साधारण साडेपंचवीस बाय साडेसदतीस इंच होतो. हे जास्तीचे माप मुद्दाम आहे. टाके घातल्यावर काम आखडते आणि शेवटी ते छाटून २४ बाय ३६ करायचे असते. अस्तर आणि भर ३० बाय ४२ इंच घ्यावी. अस्तराला ४४ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर कापड लागते. त्याचा उभा धागा वरून खाली येईल असेच ठेवावे, कारण उभा धागा आडव्यापेक्षा कमी ताणला जातो. पन्ह्यातून उरलेल्या पट्टीत पुढे लागणारा नेफाही, म्हणजे टांगायची काठी घालायची कापडी नळीही, निघते. गोटासाठी, म्हणजे कडेला बसवायच्या दुमडलेल्या पट्टीसाठी, पाव मीटर कापड वेगळे घ्यावे. त्यातून सव्वादोन इंचांच्या चार आडव्या पट्ट्या निघतात, त्या तिरप्या जोडून दुमडल्या की १२० इंचांच्या कडेला पुरून थोड्या उरतात. सरळ कडेला उरेब, म्हणजे तिरपा कापलेला, गोट लावू नये. उरेब ताणला जातो आणि कड लाटेसारखी होते.

तुकडे जोडताना पाव इंच म्हणजे पाव इंचच शिलाई धरावी. हे फार काटेकोर वाटेल, पण हिशेब करून पाहा. शिलाई फक्त अर्धे सूत जास्त गेली, तर ती दोन्ही तुकड्यांत जाते, म्हणजे प्रत्येक जोडाला एक सूत कमी. उभ्या रांगेत १० चौकोनांमध्ये ९ जोड. रांग एक इंच एक सुताने आखूड झाली! शेजारची रांग बरोबर असेल तर या दोघींचे कोपरे कुठेच जुळणार नाहीत, आणि मग ओढूनताणून जुळवले की तिथेच फुगवटा येतो. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून कापडाला अडसर करावा, हा सोपा उपाय आहे. सुई ११ नंबरची, टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा. जोडाची शिलाई गडद कापडाकडे पाडून दाबावी, नाहीतर फिकट कापडातून ती दिसते. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, फरफटत न्यायची नाही. फरफटली की चौकोनाचा पतंग होतो.

थर लावणे हे कंटाळवाणे काम, पण यात घाई केली की पुढचे सगळे फुकट. अस्तर उलटे करून फरशीवर पसरावे, चारी कडा चिकटपट्टीने लावाव्यात. कापड सपाट हवे, ताणलेले नको. ताणून लावले तर सोडल्यावर ते मागे येते आणि वरचा थर चुरमडतो. वर भर, त्यावर जोडकाम. मग मध्यापासून बाहेर जात दर चार बोटांवर कच्चा धावदोरा घालावा, आधी उभा-आडवा क्रॉस, मग त्याला समांतर ओळी. सेफ्टी पिना लावल्या तरी अंतर तेवढेच.

हाताने शिवणार असाल तर जोडदोऱ्याच्या दोन पदरांत, हातभर दोरा घेऊन शिवावे. लांब दोरा पीळ खातो आणि घासून कमजोर होतो. गाठ अस्तरावर ठेवू नये, हलका झटका देऊन भरीत ओढून घ्यावी. मशीनवर शिवताना १४ नंबरची सुई आणि तीन मिलिमीटरचा टाका. घरच्या पायमशीनवर एक अडचण हमखास येते. खालचे दाते फक्त अस्तराला पुढे नेतात आणि वरचा फूट वरच्या थराला मागे धरतो. परिणामी वरचे कापड फुटापुढे गोळा होत जाते आणि पुढच्या आडव्या ओळीपाशी चुणी बसते. फुटाचा दाब वरच्या स्क्रूने सैल करावा, कच्चा धावदोरा आणखी जवळ घ्यावा आणि प्रत्येक ओळ एकाच दिशेने शिवावी. एक खाली, एक वर असे केले तर चौकोन तिरके होतात. वरचे कापडही सोबत ओढणारा वॉकिंग फूट मशीनला बसत असेल तर तो घ्यावा, पैसे वसूल होतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे दाटी. टाके जिथे दाट तिथे कापड आखडते, जिथे विरळ तिथे ते मोकळे राहते. मधे भरगच्च फूल काढले आणि कडा मोकळ्या सोडल्या तर कडांना झालर येते. उलट केले तर मधे पोट सुटते. अनेकींना वाटते हा दोष कापडाचा किंवा टांगण्याचा. नाही, तो दाटीचा. सगळीकडे सारखी दाटी ठेवावी. ओळींत दीड-दोन इंचांचे अंतर छान दिसते आणि चार इंचांहून मोठा मोकळा भाग कुठेच सोडू नये. चित्राच्या मुख्य आकाराला दाट टाके हवेच असतील तर पार्श्वभूमीलाही साध्या धावदोऱ्याने तेवढेच भरावे.

वाकळेचे नेहमीचे ओळीने जाणारे धावदोरे यासाठी अगदी योग्य आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती बाहेरच्या कडेपासून आत, चौकोनात फिरत. तुकडे त्या आधी जोडत नाहीत, शिवता शिवताच ठेवत जातात, आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेली त्रिकोणी फुले लावतात. ती पद्धत भिंतीवरच्या कामालाही फार शोभते. मात्र कडेकडून आत येताना शेवटी मधे कापड साचू नये म्हणून प्रत्येक फेरीत हाताने सपाट करत जावे लागते.

चित्र काढायचे असेल तर रंगापेक्षा गडद-फिकट पाहावे. कापडे मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो घ्यावा. लाल आणि हिरवे एकच राखाडी दिसू लागले तर लांबून आकार ओळखू येणार नाही. उदाहरणासाठी भवानी मंडपाची कमान घेऊ. दगड काळा म्हणून एकच काळे कापड लावले तर कमान भिंतीत पडलेल्या भोकासारखी दिसते. जुन्या चंद्रकळेचा विटलेला काळा, छत्रीच्या कापडाचा चकचकीत काळा, धुऊन करडी झालेली पँट, गडद तपकिरी खादी असे चार-पाच काळे घ्यावेत. उजेडाच्या बाजूला करडा, कमानीच्या पोटात सर्वांत गडद. कमानीचा गोल उरेब पट्टीने करावा. पट्टी सव्वा इंच कापून दोन्ही कडा आत दुमडाव्यात आणि आधी आतली, म्हणजे आखूड वळणाची कड तुरपावी, मग बाहेरची. उलट केले तर आतल्या कडेला चुण्या पडतात. दगडांचे सांधे रंगाने काढू नयेत, फिकट करड्या दोऱ्याच्या धावदोऱ्याने काढावेत, म्हणजे तेच टाके तिन्ही थरही बांधतात. आत वळणाऱ्या आकारांना कडेला कात्रीने बारीक चिरे द्यावेत, पण शिलाईच्या रेषेपासून एक सूत अलीकडे थांबावे.

शिवून झाल्यावर बहुतेक जणी लगेच गोट लावतात. त्याआधी एक काम आहे. रंग पक्के आहेत याची खात्री असेल तर काम पाण्याने दमट करावे, फरशीवर जुन्या चादरीवर पसरून सरळ करावे, हाताने कडा ओढून कर्ण मोजावेत. पूर्ण वाळल्यावर २४ बाय ३६ छाटावे आणि पुन्हा कर्ण मोजावेत. दोन्ही सव्वात्रेचाळीस इंच आले तर कोपरे काटकोनात आहेत. मगच गोट. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबून, पट्टी वर दुमडून पुन्हा खाली आणली की कोपरा तिरका आणि टोकदार बसतो.

टांगण्यासाठी मागे नेफा शिवावा. हीच ती गोष्ट जी पुरवणीतल्या कृतीत नव्हती आणि जिच्याशिवाय हे काम भिंतीवर जाऊच नये. खिळ्यांनी दोन कोपरे धरले की मधली कड झोळीसारखी खाली येते आणि खिळ्याची भोके वाढत जातात. नेफ्यासाठी ९ बाय २३ इंचांची पट्टी घ्यावी, दोन्ही टोके अर्धा इंच दुमडून शिवावीत, मग ती लांबीत दुमडून वरची कड गोटाच्या शिलाईतच अडकवावी. म्हणजे साधारण चार इंचांचा, वरच्या कडेपेक्षा दोन इंच आखूड नेफा होतो. खालची कड हाताने तुरपताना टाका अस्तरात आणि भरीत जावा, पुढे दिसू नये. आणि नेफ्याचा मागचा पदर थोडा सैल ठेवावा, साधारण अर्धा इंच. काठीची जाडी त्या सैलपणात सामावते. घट्ट शिवला तर काठीचा उंचवटा समोरून दिसतो. जगभर गोधड्यांच्या प्रदर्शनांत चार इंची नेफा हाच रूढ नियम आहे. काठी म्हणून एक इंच रुंदीची चपटी लाकडी पट्टी घ्यावी. लाकूड कच्चे ठेवू नये, त्याचा डाग कापडात उतरतो. वार्निश देऊन, वाळवून, वर सुती पट्टी गुंडाळावी. लोखंडी नळी आपल्या हवेत गंजते.

जागा निवडताना थेट ऊन टाळावे, तसेच देवघराजवळची आणि स्वयंपाकघराच्या दाराची भिंत. उदबत्तीची काजळी आणि फोडणीची वाफ कापडात बसली की निघत नाही. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरते. तिथे टांगायचेच असेल तर काठीच्या आणि भिंतीच्या मधे अर्धा-पाऊण इंचाचे लाकडी ठोकळे द्यावेत, मागून हवा खेळली पाहिजे. सगळ्यात बरे म्हणजे मृगाआधी काम उतरवून ठेवावे. घडी घालू नये, घडीवर कापड मोडते. पुठ्ठ्याच्या नळीवर दर्शनी बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे आणि वर धुतलेले मांजरपाट बांधावे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी येते. कापडाला खळ दिलेली असेल तर कसर लागते, म्हणून भिंतीवरच्या कामाला खळ देऊच नये.

मागच्या बाजूला कापडी पट्टीवर नाव, गाव, साल आणि कुणाचे कापड वापरले हे दोऱ्याने लिहावे. आपल्या जुन्या वाकळांवर करणारीचे नाव कुठेच नाही, याची खंत वाटते. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर मांडल्या, आणि २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या तिथेच आल्या. त्या जुन्या कपड्यांच्या, ऊब मिळावी म्हणून शिवलेल्या होत्या. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या शहरात या कामाला चित्रांच्या शेजारी जागा मिळायला काहीच हरकत नाही. पण प्रदर्शने भरवणाऱ्यांनी अशी कामे दुहेरी चिकटपट्टीने किंवा स्टेपलरने लावणे थांबवावे. चिकटपट्टीचा डिंक अस्तरात मुरतो आणि पुढे धूळ धरतो, स्टेपलची पिन गंजून डाग सोडते. भिंतीत दोन हुक आणि एक काठी, एवढेच लागते.

आपणास विनंती अशी की पुढच्या वेळी कृती छापताना तयार मापाबरोबर कापडाचा पन्हा, भरीचा प्रकार, टाक्यांच्या ओळींमधले अंतर आणि नेफ्याचे माप एवढे तरी द्यावे. रेखाकृती हव्या असतील तर मोजमापांसह काढून देण्याची आमची तयारी आहे.

आपल्या,
भिंतीवरच्या वाकळी शिवणाऱ्या काही वाचक,
मंगळवार पेठ व राजारामपुरी, कोल्हापूर